माइकवर बोललो ते

पिकअप राइस मिलच्या फाटकातून निघाली तेव्हा धुकं होतं, आणि ड्रायव्हरच्या बाजूची सीट मॅच पाहायला निघालेल्या पंकजनं धरली होती. एरवी ती कोचची. कुमरे सर आले, त्यांनी सीटकडे पाहिलं. पंकजनं मोबाईलकडे पाहिलं. सर मागे चढले आणि बॉलच्या जाळीशेजारी पाय दुमडून बसले. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं आणि कोणी पंकजला उठवलं नाही. मी तर मनात म्हटलं, बरं झालं.

आमचं गाव मूल शहराजवळ आहे. धान आणि राइस मिल, दुसरं काही नाही. क्रिकेटच्या या गावात फुटबॉल आणला तो कुमरे सरांनी. ते शाळेत खेळ शिकवतात, मूळचे धानोऱ्याकडचे. पहिल्या वर्षी लोकांनी त्यांना हार घातले होते. मग टीम हरायला लागली आणि हरतच राहिली. सावली गावात हरलो, सिंदेवाहीत हरलो, स्वतःच्या गावात पाहुण्यांना जेवू घालून हरलो. चौकातल्या पानठेल्यावर दुसरा विषयच नव्हता. सरांचा एकच नियम होता : सरावाला येईल तो खेळेल. आमचा सगळ्यात तेज पोरगा राकेश. तो मिलमध्ये पोती उचलतो, संध्याकाळी थकून झोपतो, सरावाला येत नाही. म्हणून राकेश बाहेर आणि आम्ही हरलेले. "सराले नियम पायजे, गावाले कप पायजे," असं पंकज म्हणायचा आणि पानठेला हसायचा.

मी बी.ए. आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला माणूस. हे सांगतो, कारण गाव मला बोलायला पुढे करतं. गणपतीत, शाळेच्या कार्यक्रमात, मॅचला माइकवर. मला ते आवडतं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं मला तोवर वाटलं नव्हतं.

व्याहाडच्या पुढे वैनगंगा लागली. पाणी एका बाजूला सरकलेलं, बाकी सगळी वाळू, आणि वाळूत बायका टरबुजाच्या वेलांना पाणी घालत होत्या. पूल ओलांडला की गडचिरोलीचं जंगल आणि पोलिसांच्या तपासण्या, म्हणून आमच्याकडची माणसं थोडी गप्प होतात. गडचिरोलीत आलुबोंडे खाल्ले, वर तर्री. इतकी तिखट की नाकातून पाणी. सर चहाचा ग्लास घेऊन बाजूला उभे होते. पंकज त्यांच्याजवळ गेला.

"सर, आज तरी राकेशले घेता का?"

"सरावाले आला असता तं घेतला असता."

"बम नियम जी तुमचे."

"एकच हाय," सर म्हणाले आणि ग्लास ठेवून गाडीत जाऊन बसले.

धानोऱ्याच्या अलीकडे पोलिसांनी गाडी थांबवली. सगळ्यांना उतरवलं, पिशव्या उघडल्या. एका शिपायानं जर्सी वर धरून विचारलं, "कोणती टीम?"

"मूलकडची, साहेब."

"जिंकते का?"

शेवटी राकेश म्हणाला, "बॉल चांगला हाय, साहेब." शिपाई हसला, आम्हीही हसलो, आणि गाडी निघाली. पुढे दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल होतं. पानं सुकून रस्त्यावर पडलेली, गाडीखाली कुरकुरत होती. मधूनच बांबूचं बेट, मधूनच एखादं मोहाचं झाड आणि त्याखाली मोहफुलं वेचायला झाडून लख्ख ठेवलेली जमीन.

ज्या गावात गेलो त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ते सरांचं गाव आहे, एवढं पुरे.

तिथली रीत अशी की पाहुणी टीम मंडपात जेवत नाही. घराघरांत वाटून घेतात. कोणी दोन नेतो, कोणी चार. खेळाडू वेगळे, पाहायला आलेलेही वेगळे, सगळ्यांना घर मिळतं. "जोहार" म्हणत माणसं पुढे आली आणि आमचे हात धरून घेऊन गेली. मी, पंकज आणि राकेश जनाबाईंच्या वाट्याला गेलो. जनाबाई म्हणजे सरांची मोठी बहीण. अंगण शेणानं सारवलेलं, कुंपणावर पोपटाच्या (वालाच्या) शेंगांचा वेल. तिनं पाय धुवायला पाणी दिलं, मग जावा (तांदळाची पातळ आंबील) दिली. मग पान वाढलं. भात, कोंबडीचा रस्सा, शेंगांची भाजी, जवसाची चटणी. कोंबडा आमच्यासाठीच कापला होता. पिसं अजून अंगणात उडत होती.

वाढता वाढता ती म्हणाली, "आमचा बापू तुमच्या गावात बरा हाय ना जी? फोनवर सांगत नाई काही."

पंकजनं मला कोपरानं ढोसलं. मी म्हणालो, "हाव बाई. सरांना खूप मान आहे."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली आणि मला आणखी रस्सा वाढला. तो मी खाल्ला.

मैदान म्हणजे धान कापलेली मोठी बांधी. धसकटं काढून, पाणी मारून, धुम्मस करून सपाट केलेली. गोलपोस्ट बांबूचे. बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधावर, सगळं गाव बसलेलं, बाया एका बाजूला, म्हातारे तणसाच्या (भाताच्या पेंढ्याच्या) ढिगाला टेकून. एका मोहाच्या झाडावर भोंगा बांधला होता. त्याचं तोंड गावाकडे, म्हणजे जे घरी स्वयंपाकात होते त्यांनाही मॅच कळावी. खाली टेबल, टेबलाशी देवाजीभाऊ. तिथला माइक तेच सांभाळतात. गळ्यात पिवळा दुपट्टा, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा.

"तुमी बी.ए. म्हणे?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"मंग या, बसा. पाहुण्याच्या टीमचं पाहुण्याच्याच तोंडून बरं. आमच्या इथी असंच राह्यते." त्यांनी माइक पुसून माझ्या हातात दिला.

मी चांगला बोललो. पहिल्या गोलपर्यंत चांगलाच बोललो. गावाचे आभार मानले, जंगलाचं वर्णन केलं, धुऱ्यावरून टाळ्या आल्या. मग त्यांच्या एका उंच पोरानं डोक्यानं गोल घातला. मग दुसरा झाला, आमच्याच पोराच्या पायाला लागून. आमची माणसं ओरडू लागली, "राकेशले उतरवा! राकेश!" राकेश जर्सी घालून धुऱ्यावर बसला होता, माती उकरत. सर रेषेवर उभे, हाताची घडी, वळूनही पाहत नव्हते.

तिसरा गोल झाला तेव्हा साचलेलं तोंडावर आलं. तीन वर्षांचं होतं ते, पानठेल्यावरचं. मी माइकवर म्हणालो, "प्रेक्षकहो, आमचे कोच आज माहेरी आले आहेत. माहेरच्या माणसांना रिकाम्या हाती कसं पाठवणार?"

आमच्या माणसांनी एकच हशा केला. हशा वाईट असतो. तो मिळाला की आणखी हवा असतो. मी म्हणालो, "एक सांगा, कुमरे सर आज आमच्याकडून आहेत की तुमच्याकडून? की सौदा कालच झाला?"

आता कोणी हसलं नाही, आमच्या पोरांशिवाय. पंकज मोबाईल वर धरून उभा होता, त्यानंच सुरू केलं : "विकला रे विकला, कोच आमचा विकला!" सगळी पिकअप ओरडायला लागली. भोंग्यातून माझाही आवाज त्यात होता. सरांनी तेव्हा वळून पाहिलं. माझ्याकडे नाही. धुऱ्यावर, बायांच्या बाजूला, जिथे जनाबाई बसली होती तिकडे.

देवाजीभाऊंनी माइकवर हात ठेवला. बटण बंद केलं. राग नव्हता आवाजात, म्हणून जास्त लागलं.

"कोच विकला म्हणता, तं घेतला कोणं?"

मला कळलं नाही.

"घेणारा आमीच ना? दुसरं कोण हाय इथी?"

इतका वेळ मी सरांना मारत होतो असं मला वाटत होतं. ज्या गावानं आमच्यासाठी कोंबडे कापले त्या गावाला मी भोंग्यावरून चोर म्हणत होतो, हे माझ्या बी.ए.च्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

मॅच संपली. चौथाही गोल झाला होता. जिंकलेल्या गावानं ढोल घेऊन मैदानाला फेरी मारायची, बायांनी रेला (हातात हात धरून नाचायचं गाणं) म्हणायचं, असं तिथे चालतं. ढोल तयार होते, शेकून ठेवलेले. कोणी उचलले नाहीत. ज्या उंच पोरानं गोल घातला होता तो घाम पुसत उभा होता आणि त्याच्या पाठीवर कोणी थाप मारत नव्हतं. मी देवाजीभाऊंना विचारलं, काय झालं?

"विकत घेतलेल्या मॅचचा ढोल कोणी वाजवते का?" ते म्हणाले.

मी सरांना शोधायला गेलो. ते पोरांचे बूट पोत्यात भरत होते. मी म्हणालो, "सर, रागाच्या भरात गेलं. माफ करा."

ते बूट भरतच राहिले. "मले काऊन सांगून राह्यला? मी तं ऐकलंच. जेवढ्या आवाजात बोलला तेवढ्याच आवाजात सांग."

मी परत टेबलाकडे गेलो. आमची माणसं पाहत होती. देवाजीभाऊंनी बटण लावलं. मी सुरू केलं, "माझ्या वक्तव्यामुळे ग्रामस्थांच्या भावना दुखावल्या असतील, तर मी दिलगिरी—"

"पाहुणे," देवाजीभाऊ मध्येच म्हणाले, "असतील-बिसतील नको. तुमाले मालूम नाई का, दुखल्या का नाई?"

धुऱ्यावर एक म्हातारी खुदकन हसली. मी पुन्हा माइक तोंडाशी धरला. माझ्या घरात जसं बोलतात तसं बोललो, जे मी माइकवर कधी बोलत नाही. "मी खोटं बोललो. सर विकले नाई. तुमी घेतलं नाई. तुमची पोरं चांगली खेळली, आमची कमजोर होती. म्हणून हरलो."

मग तणसाच्या ढिगाजवळ कोणीतरी ढोलावर एक थाप मारली, मग दुसरी. बाया उठल्या. उंच पोराला खांद्यावर घेतलं. आमची माणसं मात्र माझ्याकडे पाठ फिरवून गाडीकडे चालू लागली. "कमजोर म्हणते आमाले," पंकज मोठ्यानं म्हणाला. "कॉलेज शिकला ना!"

माझी पिशवी जनाबाईंच्या घरी होती. ती घ्यायला गेलो तर ती चुलीजवळ बसली होती. मी जोहार केला. तिनं लोटा पुढे सरकवला. "ओरडून ओरडून गळा बसला असन. पाणी पिऊन जा." मी पाणी प्यालो. ती पुढे म्हणाली, "मान हाय म्हणला होता तुमी. कोंबडा खाता खाता." ती उठून आत गेली, आणि मी बाहेर पडेपर्यंत परत आली नाही.

परतताना पुढची सीट मोकळी होती, पंकजही मागेच बसला. सर आपणहून पुढे बसले नाहीत. जंगल तसंच होतं, पण मी ते पाहिलं नाही.

गडचिरोली जवळ आली आणि मोबाईलना रेंज आली. पंकजचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर गेला. गाडीत एक एक करून सगळे तो लावू लागले आणि चहूकडून माझाच आवाज यायला लागला. 'माहेरी आले आहेत.' 'सौदा कालच झाला?' सरांचाही फोन वाजला. त्यांनी तो काढून पाहिला, कोणाचं काय आलं ते मला दिसलं नाही, आणि परत खिशात ठेवला. मी पंकजला म्हणालो, माफीचं टाक. तो म्हणाला, "ते कोण भरते मोबाईलात?"

गावात पोचलो तेव्हा सांज झाली होती. सर शाळेच्या वळणावर उतरले, बुटांचं पोतं खांद्यावर घेऊन. चौकात पानठेल्यावरची माणसं मात्र उभी राहिली. "वा रे बी.ए.! काय बोलला! गावाच्या मनातलं बोलला." कोणी पाठीवर मारलं, कोणी खर्रा पुढे केला. मी खर्रा न घेता घरी गेलो.

ओट्यावर बाबा बसले होते, शेजारचे दोघे बाजूला. बाबा शाळेत कधी गेले नाहीत. त्यांनी मोबाईल कानाजवळ धरला होता आणि डोळे मिटले होते. शेजाऱ्यांना म्हणत होते, "आवाज पाय कसा हाय. खणखणीत. एक शब्द तुटत नाई."

"बाबा, बंद करा ते."

"काऊन? तूच तं हाय."

"खोटं बोललो त्याच्यात. सर विकले नव्हते. तिथी माइकवर माफी मागून आलो."

शेजारी हळूच उठले. बाबांनी मोबाईल मांडीवर पालथा ठेवला. मग म्हणाले, "मंग माफीचं लाव. ते ऐकू."

"ते नाही आलं. कोणी भरलं नाही."

बाबांनी थोडा वेळ चौकाकडे पाहिलं. "म्हणजे इथी कोणालेच मालूम नाई."

कोणालाच नव्हतं. प्रवासातून माणूस परतताना काहीतरी आणतो. मी जे वाईट ते आणलं होतं, सगळ्या गावात वाटलंही गेलं होतं, आणि जे थोडं बरं केलं ते वैनगंगेच्या पलीकडे ठेवून आलो होतो. शाळेमागे सरांच्या घरी दिवा लागला होता. मी चपला घातल्या. आधी पानठेल्याकडे वळलो, कारण माणसं तिथे जास्त होती.