मी जागा शे

मंडळी, सकाळी बेटाजवळ नांगर टाकला आणि बऱ्याच दिवसांनी फोनला रेंज आली. "दोघंच समुद्रावर, मजा आहे तुमची," असं बहुतेकांनी लिहिलंय. म्हणून आजचं सांगते.

छोट्या शिडाच्या बोटीवर एकाला कायम जागं राहावं लागतं. हे झोपले की मी पहाऱ्यावर, मी झोपले की हे. भेट व्हायची ती पाळी बदलताना. "वारा वाढलाय, लक्ष ठेव," एवढंच बोलणं.

मी दीपनगरच्या कॉलनीत वाढले. बाबांची पॉवर स्टेशनात शिफ्ट ड्युटी. ते दिवसा झोपले की आई भांड्याचाही आवाज होऊ द्यायची नाही. दोघांना सोबत जेवताना मी क्वचितच पाहिलं. आपलं तसं होऊ नये, म्हणून तर ह्यांच्या रिटायरमेंटनंतर बोट घेऊन निघालो.

आज दुपारी खिचडी टाकली. कितीतरी दिवसांनी समोरासमोर जेवायला बसलो. अंग इतकं आंबलेलं की चमचा उचलायचाही कंटाळा. मी कुजबुजत विचारलं, "लोणचं देऊ का?"

हे धुळ्याकडचे, दमले की घरच्या बोलीवर येतात. म्हणाले, "इतकं हळू काबर बोलस? मी जागा शे ना."

मी लोणच्याची बरणी त्यांच्यापुढे सरकवली. थोड्या वेळानं ताट अर्धवट ठेवून ते वारा बघायला वर गेले. बोट नांगरलेली असताना.

तुमच्या घरी दोघं एकाच वेळी जागे असता का? तेव्हा काय बोलता?