शेवटच्या शिट्टीआधी

सोमवारी सकाळी काका गेले. काकूंचा फोन दुपारी आला. मी नागपूरला ऑफिसात होते. खेळाचं पान लावायचं होतं, ते लावलं आणि रजा टाकली.

काका माझ्या नात्यातले नव्हते. मारेगावच्या बसस्टँडसमोर त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं. त्याच दुकानातून ते एका दैनिकाचे तालुका प्रतिनिधी म्हणून बातम्या पाठवायचे. पेपरचे गठ्ठेही त्यांच्याच दारात उतरायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कोणाकडे बारसं आहे आणि कोण दवाखान्यात आहे, हे त्यांना घरच्यांच्या आधी कळतं.

मी तेव्हा अकरावीत होते. खेळाचं मला अंग नव्हतं, पण कबड्डीचा सामना दिसला की मी मैदानाच्या दोरीला चिकटून उभी राहायची आणि वहीत प्रत्येक चढाई मांडायची. वडील तहसीलमध्ये कारकून होते. ती वही पाहून त्यांना वाटायचं, पोरगी गणितं सोडवते. दिवाळीच्या सुट्टीत तीच वही घेऊन मी काकांकडे गेले आणि म्हणाले, मला खेळाच्या बातम्या लिहायच्या आहेत, शिकवाल का?

त्यांनी वही चाळली. "नावं कुठं हायेत?"

"आहेत ना. सगळ्या खेळाडूंची."

"खेळाडूंचे नाही वं माय, पाहुण्यांचे. उद्घाटन कोणं केलं, नारळ कोणं फोडला, आभार कोणं मानले?"

व्हॉलीबॉलच्या स्पर्धेची माझी पहिली बातमी छापून आली तेव्हा तिच्यात एकतीस नावं होती. त्यांत एकही खेळाडू नव्हता. चेंडूचा उल्लेख कुठेच नव्हता. मी रडवेली होऊन तक्रार केली.

"एका नावामागं एक घर पेपर उघडते," काका म्हणाले. "चेंडूचं घर हाये का कुठं? सांग, तिथं अंक टाकतो."

पण एखाद्याचं आडनाव चुकलं तर ते मोपेडवर त्याच्या घरी जायचे आणि दारात उभे राहून माफी मागायचे. "अन् तो रागावला नाही तं समजजो, त्यानं वाचलंच नाही."

महिन्याभरानं त्यांना माझी दया आली. "जाय, शेवटच्या चार ओळी तुह्या. त्यात काय खेळ लिहायचा तो लिही." त्या चार ओळींसाठी मी सबंध आठवडा जगायची. छापून आल्या की काका झेरॉक्सला आलेल्या माणसाला आधी त्या वाचून दाखवायचे आणि मग त्याचे कागद हातात घ्यायचे.

पुढच्या हिवाळ्यात मुकुटबनला कबड्डीचे सामने होते. आमच्याकडे पाहुणे आल्याशिवाय अंतिम सामना सुरू होत नाही, आणि पाहुणे वेळेवर येत नाहीत. पेपरचं पान मात्र सहाला बंद व्हायचं. म्हणून काका सकाळीच निमंत्रणपत्रिका समोर ठेवून सगळी बातमी टाइप करायचे. न झालेलं उद्घाटन, न मानलेले आभार, सगळं लिहून तयार. फक्त विजेत्याची जागा मोकळी. सगळेच प्रतिनिधी असं करायचे. ती जागा भरायला त्यांनी मला पहिल्यांदा एकटीला पाठवलं.

अंतिम सामना राजूर आणि यजमान मुकुटबन यांच्यात होता. मध्यंतराला राजूर चौदा गुणांनी पुढे. पावणेसहा वाजले होते. मारेगावची शेवटची एसटी सहाची. माझ्या वहीप्रमाणे सामना संपल्यातच जमा होता. मी फोन लावला.

"झाला का सामना?"

"झाला. राजूर जिंकलं."

"शेवटची शिट्टी ऐकली ना?"

"ऐकली, काका."

मी एसटीत बसले. गाडी गावाबाहेर पडली तेव्हा मैदानाकडून मोठा गलका ऐकू आला. मला वाटलं, राजूरचाच असेल.

मुकुटबन एका गुणानं जिंकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुकुटबनचा गठ्ठा सुतळीसकट परत आला. काकूंचं माहेर राजूरचं. त्यामुळे काकांनी सासुरवाडीसाठी निकाल फिरवला, असं मुकुटबनला लोक बोलू लागले. पेपरच्या ऑफिसातून फोन आला, दुरुस्ती पाठवा, विषय संपवा. कोणीही पाठवली असती. काका अडून बसले.

"माह्या पोरीनं शिट्टी ऐकली, साहेब. मांगून तक्रार करून निकाल बदलला असंन त्यायनं. मी दुरुस्ती देत नाही."

मी तेव्हा झेरॉक्स मशीनजवळ उभी होते. कोणाचा तरी सातबारा काढत होते. मला एक वाक्य बोलायचं होतं. मी एकामागून एक कागद काढत राहिले.

चौथ्या दिवशी ते स्वतः मोपेडवर मुकुटबनला गेले. संध्याकाळी परतले, तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडला आणि बाकावर बसले.

"त्या दिवशी सहाची एसटी भेटली होती का तुले?"

"भेटली."

"हं."

त्यांनी समोरून दोन चहा मागवले. आपला संपवला. मग कागद घेऊन दुरुस्ती लिहिली. "निकाल माझ्याकडून चुकीचा कळवला गेला," असं स्वतःच्या नावानं. माझ्याबद्दल त्यात काही नव्हतं. पण तोवर ऑफिसनं तालुका दुसऱ्याला दिला होता. दुसऱ्या आठवड्यापासून गठ्ठे पलीकडच्या पानठेल्यावर उतरू लागले. काका सकाळी तिथं जाऊन एक अंक विकत घ्यायचे, आणि बातम्यांतली चुकलेली आडनावं पेनानं दुरुस्त करत बसायचे. कोणासाठी, ते मी विचारलं नाही.

बारावीनंतर नागपूरच्या प्रवेशासाठी मला अनुभवाचं पत्र हवं होतं. दुसरं कोण देणार? काकांनी साध्या कागदावर लिहिलं : सदर विद्यार्थिनीने माझ्याकडे वर्षभर काम केले. स्वतः पाहिल्याशिवाय लिहीत नाही.

मी वाचलं आणि मान वर करता येईना.

"काय पाहून राह्यली? सही राह्यली का?"

"नाही, काका."

"मंग जाय. चांगली शिक."

त्या पत्रावर मला प्रवेश मिळाला, आणि पुढे नोकरीही.

मंगळवारी मी मारेगावला गेले. भेटायला येणाऱ्यांत मुकुटबनचे एक गृहस्थ होते. काकूंजवळ बसून ते म्हणाले, "माणूस लाख होता. तेवढं एक राजूरचं सोडलं तं."

काकू खाली बघत राहिल्या. मी म्हणाले, "ते काकांनी केलं नव्हतं. मी खोटं सांगितलं होतं. सामना संपला नव्हता, आणि मी संपला म्हणाले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात जोडले. "तुमच्या मनाचा मोठेपणा हाये, बाई. गेलेल्या माणसाचं असं अंगावर कोण घेते आजकाल?" आणि काकूंकडे वळून म्हणाले, "पोटच्या पोरीपेक्षा जास्त केलं हो इनं."

मी पुन्हा एकदा सगळं सांगितलं. वेळ सांगितली, गुण सांगितले. काकूंनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "राहू दे, बाई."

मुकुटबनला अजून तसंच बोलतात.