मी प्यायलेला चहा

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज नातवाच्या गुडघ्याला मलम चोळताना त्या वासानं मला प्राचार्यांच्या केबिनमध्ये नेऊन उभं केलं.

मी कॉलेजचा कबड्डी प्रशिक्षक होतो. दिघाशी गावचा काशिनाथ आमचा सर्वांत चपळ चढाईपटू. त्यानं निजामपुऱ्यातल्या यंत्रमागावरची, लूमची रात्रपाळी सोडावी म्हणून मी त्याला गुपचूप पैसे द्यायचो. मदत म्हणायचो, हवा होता चषक.

पैसे घेणारा खेळाडू नियमात बसत नव्हता. तक्रार झाली. प्राचार्यांनी आणि क्रीडा समितीनं आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावून विचारलं, पैसे कुठून आले? सरावातून आलेल्या, दुखऱ्या गुडघ्याला चोळलेल्या मलमाचा वास येणाऱ्या काशिनाथनं माझ्याकडे बघितलं, पण माझं नाव घेतलं नाही. मीच म्हणालो, "गावच्या सामन्यात चढाईवर बक्षीस लावतात, तिथले असतील."

त्याच्या जिवावर जिंकलेल्या चषकासोबत फोटो काढणाऱ्या त्या सभ्य मंडळींनी त्याला संघातून काढलं आणि मला चहा दिला. मी तो निर्लज्जपणे प्यायलो.

बाहेर तो म्हणाला, "तुमची नोकरी ऱ्हायला पायजे, सर. माझं काय, लूम हाय."

परवा वळ गावातल्या गोदामाच्या गेटवर तो वॉचमनच्या गणवेशात भेटला, पाया पडला. माफी ओठांवर होती. मी विचारलं, "गुडघा कसा आहे रे?"