आक्काने सांगितलेली गोळी

“पलीकडं कोण हाय, बघितलास काय?”

ऑफिसात कोणी सगळ्यांना एकदम ईमेल पाठवायला निघालं, की मागून आमच्या ताईंचा हा प्रश्न यायचा. शुक्रवारी संध्याकाळी कोणी नवा कोड लाइव्ह करायला बसलं, तरी हाच. मी एकदा कॅन्टीनमध्ये केळ्याचं साल लांबून कचऱ्याच्या डब्यात टाकायला गेलो आणि ते एका डच मॅनेजरच्या बुटावर जाऊन पडलं. ताईंनी मान वर केली नाही. सूप पिता पिता त्यांनी फक्त विचारलं, “पलीकडं कोण होतं?”

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. त्याला एकच प्रश्न येतो आणि तो नेमका आपल्याला नको असतो तेव्हा येतो.

ताईंचा प्रश्न शूटिंग रेंजवरून आलेला होता. त्या कोल्हापूरच्या. कॉलेजात असताना त्यांनी पिस्तूल नेमबाजीत राज्याच्या संघापर्यंत मजल मारली होती. पुढे लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीमागे डिपेंडंट व्हिसावर नेदरलँड्सला आल्या, काही वर्षं घरी बसून कंटाळल्या आणि आमच्याकडे सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून लागल्या. नेमबाजीचा पहिला धडा म्हणे असा असतो : नेम चुकला तर गोळी कुठे जाईल आणि नेम लागून आरपार गेली तर कुठे जाईल, हे आधी बघायचं, मग चापाला बोट लावायचं. टेस्टिंगचाही तोच धडा आहे असं त्यांचं मत होतं. मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही, पण टेस्टिंगबद्दल त्या बरोबर होत्या.

आम्ही दोघंही नीउ-व्हेनेपला राहायचो. गावाबाहेरच्या एका शूटिंग क्लबाच्या त्या सभासद होत्या. पोलिसांचा परवाना, घरात जमिनीला बोल्ट केलेली तिजोरी, गोळ्या वेगळ्या कपाटात, सगळं नियमात. खंडेनवमीला त्या पिस्तूल पाटावर ठेवून गार्डन सेंटरमधून आणलेला झेंडू वाहायच्या आणि आम्हाला प्रसादाला बोलवायच्या. पिस्तुलासमोर बसून शिरा खाताना मला दर वर्षी जरा अवघडल्यासारखं व्हायचं. शिरा मात्र उत्तम असायचा.

पहिल्या लॉकडाउनमध्ये क्लब बंद झाला, तेव्हा ताईंनी घरातच सराव सुरू केला. हॉलच्या भिंतीवर काळा ठिपका चिकटवायचा आणि रिकाम्या एअर पिस्तुलाने त्यावर नेम धरून उभं राहायचं. इथे त्यांची एक चूक झाली. इतकी वर्षं राहून त्या पुरत्या डच झाल्या होत्या, म्हणजे रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीला पडदा लावायच्या बंद झाल्या होत्या. कुत्र्याला फिरवणाऱ्या आजीबाईंनी आत बघितलं, तर एक बाई हात लांब करून पिस्तूल रोखून उभी. थोड्या वेळात दोन पोलीस दारात. ताईंनी त्यांना तिजोरी दाखवली, परवाना दाखवला, वर दीड मीटर लांबून चिवड्याची बशी सरकवली. पोलिसांनी चिवडा खाल्ला आणि लेखी ताकीद न देता तोंडी सांगितलं, की पडदे ही वस्तू वापरायला हरकत नाही.

“खिडकीच्या पलीकडे कोण आहे, बघितलंत का?” असं मी विचारलं. पुणेकर असल्यामुळे मला ती संधी सोडवेना. आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्या दिवसांत संध्याकाळी कालव्याच्या कडेने आम्ही चालायला जायचो. अंतर राखायचं असल्यामुळे मनातलं सगळं मोठ्याने बोलावं लागे. मराठीत होतं म्हणून बरं. तिथेच ताईंच्या धाकट्या भावाची हकिगत मला तुकड्यातुकड्याने ऐकायला मिळाली.

हा भाऊ अमेरिकेत. बायकोशी फारकत झालेली, घरात तो आणि कॉलेजात जाणारी मुलगी. महामारी सुरू झाली, दुकानं ओस पडली, शेजारी बंदुकांच्या दुकानाबाहेर रांगा लावू लागले. हाही लागला. नाइन एमएम पिस्तूल घेऊन आला आणि घरी आल्यावर त्याला पहिली आठवण बहिणीची झाली.

“आक्का, घराच्या रक्षणाला कुठली गोळी चांगली? तू सांगशील ती घेतो.”

आक्काने फोन ठेवून दिला.

“मी आयुष्यभर कागदावर मारलंय,” त्या मला म्हणाल्या. “आमची आई बायकांना सांगायची, पोरगी बंदूक नाही चालवत, खेळ खेळते. आणि हा मला माणसासाठी गोळी विचारतोय!”

पण प्रश्न सुटला नव्हता. दोन दिवसांनी भावाने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. पलंगाशेजारचा खण, त्यात पिस्तूल आणि दुकानात शिल्लक होता तो गोळ्यांचा खोका. ताईंनी फोटो मोठा करून खोक्यावरची अक्षरं वाचली आणि लगेच त्याला व्हिडिओ कॉल लावला. “घर दाखव.”

भावाला वाटलं, आक्काला नवा सोफा बघायचा आहे. आक्काने त्याला बेडरूममध्ये नेलं. चोर आला तर तू कुठे उभा राहशील? इथे. चोर कुठे असेल? दारात. दाराच्या मागं काय आहे? भिंत. भिंतीवर टकटक कर. त्याने केली. पोकळ आवाज आला. लाकडी पट्ट्यांवर ठोकलेले प्लास्टरचे पातळ तक्ते, तिकडच्या घरांना असतात तसे.

मग पलीकडूनही टकटक झाली.

कॉलेज बंद, म्हणून भाची घरी होती. तिचा पलंग त्या भिंतीला लागून होता. तिला वाटलं, बाबा खेळतायत.

हे सांगताना ताईंनी कालव्याच्या कठड्यावर बोटाने टकटक करून दाखवली. त्यांचा हात नेहमी स्थिर असायचा, चहाचा कपसुद्धा त्या नेम धरल्यासारखा उचलायच्या. टकटक करून झाल्यावर तो हात त्यांनी खिशात घातला.

“त्यानं आणलेली गोळी टणक असते रे. माणसातनं जाईल, भिंतीतनं जाईल, पोरीच्या पलंगातनं पण जाईल. दुसरी एक पोकळ तोंडाची मिळते. ती आत शिरली की उमलते आणि थांबते.”

“उमलते?” मी विचारलं.

“सगळे तसंच म्हणतात. मला पण तो शब्द आवडत नाही. म्हणजे पोरीला कमी धोका, आणि ज्याला लागेल त्याची जास्त वाट. आणि माझ्या भावाचा नेम! लहानपणी आंब्याला दगड मारायचा तर शेजारच्या कौलाला लागायचा. नेम चुकला तर कुठलीच गोळी भिंतीत थांबत नाही. काय सांगू मी ह्याला?”

मी बदकांकडे बघत राहिलो.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला क्लब उघडला आणि ताईंनी तिथे दुसरी चूक केली. ही शुद्ध कोल्हापुरी चूक. कोल्हापुरात रेंजवर चहाच्या टपरीवर कोणी कोणाला काहीही विचारावं, चार जण उत्तर द्यायला धावतात. इथे कॉफी पिताना एक वयस्क सभासद भेटले, पूर्वी पोलिसात होते. ताईंनी त्यांना सरळ विचारलं : घरात चोर शिरला तर पोकळ तोंडाची कुठली गोळी बरी, भिंतीपलीकडे कोणी झोपलेलं असेल तर?

त्या गृहस्थांनी कप खाली ठेवला. आजूबाजूच्या टेबलांवरचं बोलणं थांबलं. या देशात पिस्तूल खेळासाठी मिळतं. स्वतःच्या रक्षणासाठी असा विचार जरी कोणाच्या डोक्यात असल्याचा संशय आला, तरी परवाना जाऊ शकतो. पुढच्याच आठवड्यात क्लबच्या अध्यक्षांनी ताईंना समोर बसवलं.

“त्या माणसानं आवाज पण चढवला नाही,” ताई मला म्हणाल्या. “म्हणाला, बाई, ह्या इमारतीत आम्ही कागदावर मारतो. मी म्हटलं, मी पण. मग सगळं खरं खरं सांगितलं, भाऊ, भिंत, पोरगी. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, तुमच्या भावाला सांगा, नको. मी म्हटलं, अहो, नको म्हटल्यावर ऐकला असता तर मी तुमच्यासमोर बसले असते काय?”

परवाना वाचला. क्लबात मात्र त्यांच्या टेबलावर लोक जरा कमी बसू लागले.

त्यानंतर एकदा चालताना त्यांनी मला सांगितलं, की भावाला उत्तर कळवून टाकलं. अमुक कंपनीची, अमुक वजनाची, पोकळ तोंडाची. रतीभर इकडे तिकडे चालणार नाही. आणलेल्या गोळ्या रेंजवर जाऊन कागदावर संपवून टाक, हात तरी बसेल. आणि ही मिळेपर्यंत पिस्तूल रिकामं ठेव. आक्काची शपथ.

भाऊ आज्ञाधारक. त्याने सगळी भिस्त बहिणीच्या शब्दावर ठेवली. दर काही दिवसांनी त्याचा मेसेज यायचा : आज तीन दुकानं पालथी घातली, नाही मिळाली. ऑनलाइन बघितलं, नाही. दुसरी आहे, घेऊ का? आणि ताईंचं उत्तर : “घ्यायची नाही. थांब की जरा.” हे मेसेज त्या मला वाचून दाखवायच्या तेव्हा त्यांचा चेहरा खुललेला असायचा. भावाच्या अडचणीत या बाईला आनंद कसला होतो, हे मला कळत नव्हतं. म्हटलं, कोल्हापूरकरांचं प्रेम असंच असेल.

दसऱ्याला उलगडा झाला. भावाने ग्रुपवर पूजेचा फोटो टाकला. पाट, आपट्याच्या पानांऐवजी कसलीतरी अमेरिकन पानं, झेंडू, हळदकुंकू लावलेलं पिस्तूल आणि शेजारी एक नवा कोरा खोका. खाली लिहिलं होतं : “आक्का, शेवटी मिळाली!”

ताईंनी त्याला फोन केला आणि खरं सांगून टाकलं. उत्तर कळवण्याआधी त्यांनी तिकडच्या सगळ्या दुकानांच्या साइट्स धुंडाळल्या होत्या. जी गोळी कुठेच शिल्लक नव्हती आणि लवकर येण्याची चिन्हं नव्हती, तीच निवडून त्याला सांगितली होती.

“म्हणजे उन्हाळाभर मी रिकामं पिस्तूल उशाशी घेऊन झोपलो?”

“व्हय.”

“आणि चोर आला असता तर?”

“तर मी जन्मभर स्वतःला माफ केलं नसतं. आणि भिंतीतनं पोरीला लागली असती, तरी केलं नसतं. दोन्हीतलं एक निवडायचं होतं. आता खरं सांग, झोप लागत होती का नाही?”

भाऊ म्हणाला, “लागत होती.” आणि त्याने फोन ठेवला. तो ठेवला तो ठेवलाच. मेसेज नाही, फोन नाही, ग्रुपवर अंगठासुद्धा नाही. खोका त्याच्या घरात होता, पिस्तूल होतं आणि भाची त्याच भिंतीला टेकून झोपत होती. आता थांबवायला कोणी नव्हतं.

ताई चालायला यायच्या, पण गप्प. ऑफिसच्या कॉलवर कोणी शुक्रवारी संध्याकाळी कोड लाइव्ह केला, तरी त्या काही बोलल्या नाहीत. त्याचे परिणाम आम्ही सोमवारी भोगले. भावाला फसवलं हे चूक की बरोबर, याचा मी पुष्कळ विचार केला. मला मत नसलेला हा एवढाच विषय आहे.

ताई आता इथे नाहीत. पुढच्या वर्षी त्यांच्या यजमानांना मास्ट्रिख्टच्या विद्यापीठात काम मिळालं आणि त्या देशाच्या पार दुसऱ्या टोकाला गेल्या. जाण्याआधी क्लब सोडला, पिस्तूल रीतसर विकून टाकलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यांच्या जागी आलेला टेस्टर हुशार आहे, पण आम्हाला धाक वाटत नाही. आठवण आली की मला आठवते ती त्या वर्षीची भाऊबीज.

त्या दुपारी कालव्यावर बोचरा वारा होता. भावाचा फोन सकाळपासून आला नव्हता. ताईंनी तीनदा तरी मोबाइल खिशातून काढून बघितला. परतताना तो वाजला. भाची होती. हातमोजे काढायला नकोत म्हणून ताईंनी स्पीकर लावला.

“आत्या, हॅपी भाऊबीज. लिसन, बाबांनी तो बॉक्स मला दिलाय.”

“कसला बॉक्स?”

“बुलेट्सचा. ही सेड, कीप इट इन युअर रूम. लॉक करून ठेव. मी मागितला तर आधी मला विचार, खरंच पाहिजे का.” मुलगी हसली. “आत्या, ही इज सो वीअर्ड. काल त्याने मला विचारलं, की भिंतीकडे डोकं करून झोपतेस का पाय करून.”

मागून एका पुरुषाचा आवाज आला. “आक्काला म्हणावं, राग अजून गेलेला नाही.”

“त्याला म्हणावं, असू दे की,” ताई म्हणाल्या. “म्हणावं, राग असू दे. फोन करत जा.”

फोन बंद झाला. ताई कालव्याकाठच्या बाकावर बसल्या, मास्क तसाच तोंडावर ठेवून, आणि ज्या हाताचा नेम कधी चुकला नाही तो हात डोळ्यांवर धरून रडल्या. मी नियमाप्रमाणे दीड मीटरवर उभा होतो, आणि इतकं लांब मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.