मास्टरचा हात

धम्मपाल भिवा सुरवाडे हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. वय एक्कावन्न, राहणार लिंबायत, सुरत. दिवसा पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये साड्यांच्या घडी खात्यात काम करतो आणि लग्नसराईत वडिलांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. त्याच्याविषयी चार ओळी मी याआधी एकदा लिहिल्या आहेत. त्या इंग्रजीत होत्या, व्याकरणाची एकही चूक नव्हती, आणि त्यांत खरं असं फक्त वाद्याचं नाव होतं. म्हणून हे पुन्हा लिहितो आहे.

धम्मपालबद्दल लिहायचं तर सुरुवात त्याच्या वडिलांपासून करावी लागते. भिवा मास्टर आज ब्याऐंशी वर्षांचे आहेत. तरुणपणी ते भुसावळला रेल्वेत खलाशी होते. तिथे रेल्वेचा एक हॉल होता आणि शनिवारी संध्याकाळी त्यात अँग्लो-इंडियन साहेबलोकांचा नाच चाले. भिवा मास्टर खुर्च्या लावायला जात आणि खुर्च्या उचलायची वेळ होईपर्यंत भिंतीला टेकून ऐकत बसत. त्या वाजवणाऱ्यांतला एक म्हातारा देश सोडून निघाला, तेव्हा आपलं जुनं क्लॅरिनेट त्यांच्या हातात ठेवून गेला. शिकवलं कोणी नाही. ऐकलेलं आठवून आठवून त्यांनी बोटं बसवली. पुढे सुरतेला आले, लिंबायतला खोली घेतली, गल्लीतल्या नऊ जणांना गोळा करून बँड उभा केला आणि मुलाच्या आठव्या वर्षी क्लॅरिनेट त्याच्या हातात दिलं.

भुसावळची एक संथ चाल त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये आणली. मुलीची पाठवणी असली की ती वाजते. तिचं खरं नाव आमच्या घरात कोणालाच माहीत नाही. आम्ही तिला भुसावळची चाल म्हणतो. ऐकणाऱ्यांना ती कुठल्यातरी जुन्या सिनेमातली वाटते.

दात गेले तसं मास्टरांचं वाजवणं गेलं, पण हात राहिला. त्यांच्या बँडचा पहिल्यापासूनचा नियम असा, की मास्टरांचा उजवा हात वर जाऊन खाली आल्याशिवाय कोणी फुंकर मारायची नाही. वरात थांबली तरी चालेल, नवरदेवाचे मामा ओरडले तरी चालेल. अजूनही ते वरातीच्या पुढे रिक्षात बसून जातात आणि रिक्षातून हात बाहेर काढतात. तो पडला की मग बँड वाजतो.

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी बी.कॉम. होऊन पस्तीस वर्षांपूर्वी पांडेसऱ्यातल्या एका डाईंग मिलच्या ऑफिसात लागलो. येत्या मार्चमध्ये निवृत्त होईन. लागलो त्या आठवड्यात एका जुन्या कारकुनानं विचारलं, "आप लोग कौन?" मी म्हणालो, "महाराष्ट्रियन." त्यानं पुढं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आम्ही बौद्ध आहोत, सासुरवाडी लिंबायतला आहे, सासऱ्यांचा बँड आहे, यातलं काहीही पस्तीस वर्षांत माझ्या तोंडून त्या ऑफिसात निघालं नाही. चौदा एप्रिलला सुट्टी नसली तर मी दाताच्या डॉक्टरांकडे जात असे. माझ्या दातांची सगळ्या ऑफिसला काळजी होती.

बावीस वर्षांपूर्वी त्याच तारखेला, मी दातांचं कारण सांगायच्या आतच, मिलच्या शेठना अचानक बाजारात जायचं निघालं आणि त्यांनी मला गाडीत घेतलं. उधन्याच्या रस्त्यावर मिरवणूक आडवी आली. पुढे भिवा मास्टरांचा बँड, सगळे पांढऱ्या कपड्यांत, मध्ये धम्मपाल. आमची गाडी अगदी त्याच्याजवळ थांबली. वाजवता वाजवता त्यानं मला पाहिलं आणि भुवया उंचावून हसला. मी मांडीवरची फाईल उघडली आणि मिरवणूक सरकेपर्यंत वाचत बसलो.

त्या रविवारी तो घरी आला, जेवला, बहिणीशी थट्टामस्करी केली. गाडीचा विषय काढला नाही. पण तेव्हापासून ऑफिसातलं कोणी माझ्याबरोबर असलं, की तो मला ओळखत नाही. हे आमचं कधी बोलून ठरलेलं नाही. त्यानं एकट्यानं ठरवलं आणि बावीस वर्षं पाळलं.

मागच्या डिसेंबरात शेठच्या घरी वेसूला लग्न होतं. बँड भिवा मास्टरांचा होता. मी ऑफिसच्या लोकांत उभा. पाठवणीला धम्मपालनं भुसावळची चाल वाजवली आणि शेठचा पुतण्या हर्षिल जेवणाचं ताट ठेवून पुढे आला. हा मुलगा परदेशात शिकून आलेला. वेसूलाच एका कॉफीच्या दुकानाच्या वर त्यानं जॅझ क्लब काढला आहे. साठ खुर्च्या, लिंबूसोडा, कॉफी, आणि दर गुरुवारी संध्याकाळी गाणं-वाजवणं. दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला.

"लक्ष्मणभाई, आ क्लॅरिनेटवाळाने मने शोधी आपो. मराठी छे. तमे ओळखता हशो."

"बघतो," मी म्हणालो. "शोधायला लागेल."

मी चार दिवस शोधलं. पाचव्या दिवशी त्याला नंबर दिला. तो नंबर माझ्या फोनमध्ये बायकोच्या नंबरानंतर दुसरा आहे.

क्लबच्या जिन्यात एक फळा आहे. पुढच्या महिन्यात कोण कोण वाजवणार त्यांचे फोटो आणि प्रत्येकाखाली चार ओळी. हर्षिल म्हणाला, ओळी तुम्हीच लिहून द्या, तुमचं इंग्रजी चांगलं आहे. मी धम्मपालला विचारलं, काय लिहू?

"आधी बाबांचं नाव टाका, दाजी," तो म्हणाला. "मग माझं. ते येणार आहेत ऐकायला. जागृती त्यांना वाचून दाखवेल." मग म्हणाला, "वरातीत एवढी वर्षं गेली. पण त्यांचं नाव असं छापलेलं कधी बघितलं नाही. बँडच्या गाडीवर आहे तेवढंच."

ऑफिसात दुपारच्या सुट्टीत लिहायला बसलो. समोर बाकीच्यांच्या ओळी नमुन्याला ठेवल्या होत्या. अहमदाबादचा पियानोवाला परदेशात शिकलेला, बडोद्याची गायिका, मुंबईचं त्रिकूट. मी आधी खरं लिहिलं. भिवा मास्टर बँड, लिंबायत. मग ते वाचलं आणि मनात फळ्यासमोर शेठ उभे दिसले. बँडचं नाव खोडलं. बँड गेला तसं बाबांचं नाव नुसतंच लोंबकळायला लागलं, म्हणून तेही खोडलं. मग शिकला कोणाकडे, हा प्रश्न उरला. मुंबईचे मास्टर डिकॉस्टा म्हणून एक गृहस्थ मी जागच्या जागी तयार केले. शेवटी नावाकडे नजर गेली. धम्मपाल. ते नावच सगळं सांगत होतं. मी त्याचं डी. पाल केलं. एकूण वीस मिनिटं लागली.

गुरुवारी सात वाजता आम्ही पोहोचलो. धम्मपाल, त्याची मुलगी जागृती, भिवा मास्टर, माझी बायको जयश्री आणि मी. मास्टरांनी कोट घातला होता. जिन्यात फळ्यासमोर ते काठी टेकून थांबले. "वाच वं माय," त्यांनी नातीला सांगितलं.

जागृती वीस वर्षांची आहे, कॉलेजात आहे. तिनं वाचायला सुरुवात केली, थांबली, माझ्याकडे पाहिलं. ती मला फुवा म्हणते.

"फुवा, हे आपल्या पप्पांचंच आहे ना?"

फोटो तर त्याचाच होता. मी मान हलवली. मग तिनं सरळ मराठीत सांगून टाकलं. "डी. पाल. क्लॅरिनेट. मुंबईत मास्टर डिकॉस्टा यांच्याकडे शिक्षण. मोठमोठ्या खाजगी समारंभांत वादन."

"अजून?" मास्टर म्हणाले.

"संपलं, बाबा."

 खालून कॉफीच्या यंत्राचा आवाज येत होता. धम्मपाल क्लॅरिनेटची पेटी या हातातून त्या हातात घेत म्हणाला, "दाजी, माझं नाव इतकं लांब होतं का?"

मला वाटतं मी जागेचं कारण सांगितलं. फळा लहान आहे असं काहीतरी.

मास्टरांना पहिल्या रांगेत बसवलं. आम्ही त्यांच्या मागे, आणि आमच्या शेजारी शेठ. "अरे लक्ष्मणभाई, तमे पण?" ते म्हणाले. हर्षिलनं माइकवर माझ्याच ओळी गुजरातीतून पुन्हा सांगितल्या. मास्टरांना गुजराती माझ्याइतकंच येतं. डिकॉस्टांच्या नावाला टाळ्या पडल्या.

धम्मपाल उभा राहिला. साथीला बसलेल्या क्लबच्या ड्रमवाल्यानं काड्या वाजवून चार मोजले. पियानो सुरू झाला, दोन फेरे झाले, धम्मपालचं क्लॅरिनेट ओठांशीच. पियानोवाला थांबला. हर्षिलनं हसून पुन्हा खूण केली. पुन्हा चार मोजले. पुन्हा काही नाही.

लोकांना वाटलं तो घाबरला. "नर्वस छे," शेठ माझ्या कानाशी म्हणाले. मला ठाऊक होतं. तो समोर बापाकडे बघत होता. त्याला आठव्या वर्षापासून जे माहीत होतं तेच तो करत होता. आणि भिवा मास्टरांचा उजवा हात मांडीवर होता, काठीच्या मुठीवर, आणि ते तो उचलत नव्हते.

"बघताय काय?" जयश्री दबक्या आवाजात म्हणाली. "उठा. तुमचंच काम आहे हे."

मी उठलो. शेठच्या पायांवरून गेलो. मास्टरांच्या खुर्चीपाशी वाकलो.

"बाबा, हात द्या."

"मी कोन शे हात देनारा?" ते समोरच बघत म्हणाले. "तठे डिकॉस्टानं नाव शे. त्याले बोलाव."

"डिकॉस्टा म्हणून कोणी नाही, बाबा. ते मी लिहिलं."

"माले माहीत शे. इतलं इंग्रजी आपला घरमा दुसरा कोनले येस?"

"चुकलो मी. पोरगा उभा आहे, बाबा."

"बावीस वरीसथीन उभा शे," ते म्हणाले. म्हणजे गाडीची गोष्ट त्यांनाही माहीत होती. आणि हनुवटीनं मागच्या खुर्च्यांकडे खूण केली. "माले नको सांगू. त्यास्ले सांग."

मी वळलो. साठ माणसं माझ्याकडे बघत होती. गुजरातीत म्हणालो, की हे भिवा मास्टर, लिंबायतच्या बँडचे. वाजवणारा यांचा मुलगा, धम्मपाल. तो सगळं यांच्याकडेच शिकला. आणि हे माझे सासरे आहेत. आवाज इतका बारीक निघाला की मागून कोणीतरी "शुं कह्युं?" म्हणालं. मला पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्या वेळी शेठच्या चेहऱ्याकडे न बघता सांगितलं.

मी खाली बसायच्या आतच मास्टरांनी काठी डाव्या हातात घेतली. उजवा हात खांद्यापर्यंत गेला. त्या वयातही तो वर जरासुद्धा थरथरत नाही. तो पडला, आणि धम्मपालनं भुसावळची चाल धरली.

वाजवणं कसं झालं हे मला नीट सांगता येणार नाही. मी ते खाली मान घालून ऐकलं. एवढं सांगतो, की लग्नात ती चाल मोटारीचं दार लागेपर्यंतच वाजते. त्या दिवशी ती पहिल्यांदा पुढे गेली. मध्ये कुठेतरी पियानोवाला त्याच्या मागे चालायला लागला. टाळ्या झाल्या तेव्हा धम्मपालनं आधी बापाकडे बोट केलं. लोक उभे राहिले. मास्टर बसूनच होते. त्यांना वाटलं कार्यक्रम संपला, लोक निघाले.

नंतर हर्षिल माझ्याकडे आला. भुसावळचा हॉल, खुर्च्या, तो जुना क्लॅरिनेटवाला, हे सगळं त्याला जागृतीनं सांगितलं होतं.

"काका, आ साची वात केटली सरस छे," तो म्हणाला. "पहेलां केम न लखी?"

ही खरी गोष्ट आधी का लिहिली नाही, हे त्यानं खरोखरच विचारलं होतं.  सोमवारी ऑफिसात शेठ माझ्या मेहुण्याबद्दल एवढंच म्हणाले, "साळो आटलुं सरस वगाडे ने तमे कोई दिवस बोल्या नहीं?" आणि सही करायचे कागद पुढे ओढले. जुन्या कारकुनाच्या जागी आता असलेल्या मुलानं चहा दिला. एवढंच. बाकी काही घडलं नाही. ज्याची पस्तीस वर्षं भीती बाळगली ते एवढंच होतं का, की तेव्हा वेगळं असतं, हे मला आता कधीच कळणार नाही. पण धम्मपालचं नाव खोडताना मला कोणी धमकावलं नव्हतं. दुपारची सुट्टी होती आणि खोलीत मी एकटा होतो.

हर्षिलनं धम्मपालला पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलं आहे. मी रविवारी लिंबायतला गेलो आणि म्हणालो, "या वेळच्या ओळी मी नीट लिहून देतो."

"राहू द्या, दाजी," तो म्हणाला. "जागृती लिहील." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

नव्या ओळी मी जिन्यातल्या फळ्यावरच वाचल्या, बाकीच्या लोकांबरोबर उभं राहून. पहिलं नाव भिवा मास्टरांचं आहे. दुसरं धम्मपाल भिवा सुरवाडे, पूर्ण. लिंबायत आहे, भुसावळ आहे. इंग्रजीत एक चूक आहे. मी ती दाखवली नाही.

मास्टरांनी मला त्या दिवसापासून एकदाही बोल लावलेला नाही. मी गेलो की खुर्ची पुढे करतात, चहा ठेवायला सांगतात. चहा येईपर्यंत काठीवर हनुवटी टेकून विचारतात, "काय जावईबापू, डिकॉस्टा बरा शे ना?"

"बरा आहे," मी म्हणतो.