सांगण्याआधीच
विमानतळावर तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे आमच्याच विमानाचे वैमानिक होते. थोड्या वेळात आम्हा सगळ्यांचा जीव त्यांच्या हाती असणार होता. “पट्टा पण काढा, कॅप्टन,” जवान म्हणाला. “काढलाय, रोजचंच आहे,” म्हणत त्यांनी सांगण्याआधीच दोन्ही हात बाजूला धरले.

नियम सगळ्यांना सारखा हवा, हे मला पटतं. तरी आई आठवली. ती आमच्या शाळेत खिचडी शिजवायची. सारी शाळा तिच्या हातचं निर्धास्त जेवायची, पण घरी निघताना फाटकाशी तिची पिशवी तपासली जाई, तांदूळ नेते की काय म्हणून. “बघा गुरुजी, रिकामा डबा आहे,” म्हणत तीच आधी पिशवी उघडायची. त्या शाळेमुळेच मी शिकलो, हे विसरत नाही. पण तेव्हा मी दुसरीकडे बघत पुढे निघायचो.

वैमानिक पट्टा पुन्हा बांधू लागले. मी आजही दुसरीकडेच पाहिलं.