तिच्या वाटची ओळ

बाळांनो, तुम्ही पाठवलेला हेडफोन आवडला का, असं परवा फोनवर तिसऱ्यांदा विचारलंत आणि मी पुन्हा विषय बदलला. टाळाटाळ मला शोभत नाही, म्हणून लिहिते. तो मी माझ्या मैत्रिणीला दिला होता. ते चुकलं.

आम्ही दोघी रोज सकाळी पनवेलच्या तळ्याकाठी बसून भोंडल्याची गाणी म्हणतो, भोंडल्याचे दिवस असोत वा नसोत. मी एक ओळ टाकायची, पुढची तिने उचलायची. तिला नातवाचं नाव आठवत नाही, पण तिच्या वाटची ओळ कधी चुकत नसे.

एकदा शेजारच्या बाकावरच्या तरुणाने कानातला इअरफोन काढला. "आजी, व्हॉल्यूम कमी करा ना. मीटिंग चालू आहे."

"आम्हाला बटण नसतं," मी म्हटलं. "आणि ऑफिस तळ्यावर आणायला तुला कुणी सांगितलं?"

मैत्रिणीची सून तिथेच होती, ती ओशाळली. घरी जाताना म्हणाली, "काकू, लोक हसतात हो आईंना. कानाला काही लावून दिलं तर शांत बसतील."

मला ते पटलं, याचाच जास्त संताप येतो. मी शिस्तीची बाई. बावीस गाणी, तिची ओळसुद्धा माझ्याच आवाजात, रेकॉर्ड केली, क्रमवार लावली आणि हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला.

ती शांत बसली. सगळे खूश. महिनाभर मी तिच्या शेजारी बसून पेपर वाचला. मग एका सकाळी तिच्या कानांवरून तो बाजूला करून सहज पहिली ओळ म्हटली. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. महिनाभर दोन्ही ओळी यंत्रच म्हणत होतं. तिची पाळी आलीच नव्हती.

मी हेडफोन काढून सुनेच्या हातात आपटला.

"अहो काकू, लोक बघतायत!"

"बघू देत. ज्यांना आमचं गाणं नको, त्यांच्या कानांत बोळे आहेतच की! हिच्या कानांत कशाला?"

तळ्यावरच्या निम्म्या लोकांना हे ऐकूच गेलं नाही. त्याचाही राग आला.

त्या दिवसापासून मी रोज एकेक गाणं तिच्यापुढे टाकून पाहिलं. बरीचशी परत आली नाहीत. सहा गाण्यांची ओळ ती अजून उचलते, आणि मोठ्याने म्हणते.